तुकडे आधी जोडायलाच हवेत का?
ताई, गोधडी शिवताना तुकडे आधी मशीनवर जोडून घ्यावेच लागतात का, असं तुम्ही विचारलंत. मुळीच नाही! कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी (मूळच्या आफ्रिकी वंशाच्या) समाजातल्या बायकांची कवंडी, म्हणजे त्यांची गोधडी, बघा. खाली जुनी साडी अंथरायची, कडेपासून एकेक तुकडा दुमडून ठेवत धावदोरा घालायचा आणि चौफेर फिरत मध्यापर्यंत यायचं. जोडणं आणि टाके एकदमच. चारही कोपऱ्यांना त्रिकोणी घडीचं फूल हवंच. त्याशिवाय कवंडी उघडी मानतात, हे मला फार आवडतं.

इथे ठाण्यात, नौपाड्यातला आमचा शिंपी चिंध्या आनंदाने देतो. फक्त सुतीच घ्या आणि नवं कापड आधी भिजवून वाळवा. माझ्या पहिल्या कवंडीत तेवढंच राहिलं, पहिल्याच धुण्यात लाल रंग सगळीकडे उतरला.