खासगी रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जाण्याआधी काय माहीत असावं?

सारीपाट_७ (प्रश्न)

घरात म्हातारी माणसंही आहेत आणि लहान मूलही, म्हणजे रात्री-अपरात्री खासगी हॉस्पिटल गाठायची वेळ कधीतरी येणारच. ती यायच्या आत तयारी करून ठेवायची आहे. कोणत्या तक्रारीला खासगी कॅज्युअल्टी (तातडीचा विभाग) पुरते आणि कोणत्या वेळी तिथं जाण्यात वेळ दवडू नये? सोबत काय न्यायचं? आधी आलेला ताटकळतो आणि मागून आलेल्याला थेट आत घेतात, ते कशावरून ठरतं? बिलात काय काय धरतात? "घाबरू नका, डॉक्टरांचा सल्ला घ्या" एवढंच लिहिणार असाल तर कृपया नको, नेमकं सांगा.

रात्रपाळीचा_डॉक्टर

"२४ तास इमर्जन्सी" ही पाटी सगळीकडे सारखी असते, पण दारामागे काय आहे ते प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं. कुठे एक ड्यूटी डॉक्टर, दोन खाटा आणि एक्स-रे एवढंच, तर कुठे कॅथलॅब (हृदयाच्या रक्तवाहिन्या तपासून उघडण्याची खोली), सीटी स्कॅन, रक्तपेढी, आयसीयू आणि भूलतज्ज्ञ अशी सगळी यंत्रणा. म्हणून कुणी आजारी नसताना, निवांत दिवशी जवळच्या दोन-तीन रुग्णालयांत फोन करा आणि प्रत्येक प्रश्न "रात्री दोन वाजता" असं म्हणून विचारा. रात्री दोन वाजता सीटी होतो का आणि तो वाचणारा कोण असतो? कॅथलॅब चालू असते का, की टीमला घरून बोलवावं लागतं? बोलवल्यावर किती मिनिटांत येते? लहान मुलांचा आयसीयू आहे का? रक्त इमारतीत असतं की बाहेरून आणावं लागतं? "हो, सगळं आहे" या उत्तरावर समाधान मानू नका. सुविधा असणं वेगळं आणि त्या तासाला ती चालू असणं वेगळं.

आता दोन आजार, ज्यांत चुकीचं दार निवडणं सर्वात महागात पडतं.

पहिला हृदयविकाराचा झटका. छातीत दाब, घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ. म्हाताऱ्यांत आणि मधुमेहींत नुसती धाप किंवा मळमळही असू शकते. पोहोचल्यापासून १० मिनिटांत ईसीजी निघायला हवा. मोठा झटका ठरला तर बंद रक्तवाहिनी अँजिओप्लास्टीनं (नळीतून फुगा घालून) उघडायची असते, आणि दुसरीकडे हलवण्याचा वेळ धरूनही हे १२० मिनिटांत जमणार नसेल तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन द्यावं लागतं. म्हणून कॅथलॅब नसलेलं हॉस्पिटल पाच मिनिटांवर आणि असलेलं वीस मिनिटांवर असेल, तर सहसा वीस मिनिटांचा रस्ता बरा. मात्र तो अ‍ॅम्ब्युलन्समधून. स्वतः गाडी चालवत किंवा दुचाकीवर मागे बसून मुळीच नाही. हृदयाचे ठोके वाटेत बिघडले तर तिथल्या तिथे शॉक देणारं यंत्र सुसज्ज अ‍ॅम्ब्युलन्समध्येच असतं.

दुसरा पक्षाघात. तोंड वाकडं होणं, हात खाली घसरणं, बोबडी वळणं. गुठळी विरघळवणारं औषध सर्वसाधारणपणे ४.५ तासांच्या आत द्यायचं असतं, आणि हे तास "लक्षण दिसलं तेव्हापासून" मोजत नाहीत, "माणूस शेवटचा ठीक दिसला तेव्हापासून" मोजतात. झोपेतून उठताना तोंड वाकडं दिसलं तर डॉक्टर विचारतील, रात्री त्यांच्याशी शेवटचं कोण बोललं आणि किती वाजता. ती वेळ कागदावर लिहून न्या. मोठी गुठळी नळीनं ओढून काढण्याची सोय निवडक रुग्णांत २४ तासांपर्यंत उपयोगी पडते, पण ती थोड्याच ठिकाणी असते. घरी बीपीची जादा गोळी देऊ नका, पाणी पाजू नका (गिळणं बिघडलेलं असतं, पाणी फुफ्फुसात जातं) आणि सीटी होईपर्यंत अ‍ॅस्पिरिन तर अजिबात नको. मेंदूत गुठळी आहे की रक्तस्राव, हे सीटीशिवाय कळत नाही.

मोठा अपघात, मोठं भाजणं, वेळेआधीची प्रसूती यांनाही सगळी यंत्रणा असलेलीच जागा लागते. मनगट मोडणं, टाके घालण्याजोगी जखम, जुलाबानं आलेला अशक्तपणा, मूतखड्याची कळ यांना बरी चालवलेली कुठलीही खासगी कॅज्युअल्टी पुरते.

ट्रायाज_टेबल

रांगेबद्दल. दारात नर्स जे दोन मिनिटं विचारते आणि बोटाला चिमटा लावते, त्याला ट्रायाज म्हणतात. बहुतेक पद्धतींत ५ पातळ्या असतात. मँचेस्टर पद्धतीत लाल म्हणजे ताबडतोब, केशरी १० मिनिटांत, पिवळा ६०, हिरवा १२० आणि निळा २४० मिनिटांत. खासगी ठिकाणीही क्रम आजाराचा असतो, पैशांचा किंवा आल्या वेळेचा नाही. तुम्हाला थांबवलं याचा अर्थ त्या क्षणी जीव धोक्यात नाही. पण पातळी एकदा ठरली की कायमची नसते. बसल्या जागी दुखणं वाढलं, घाम फुटला, ग्लानी आली तर उठून टेबलापाशी जा आणि "मघापेक्षा हे बदललंय" असं स्पष्ट सांगा. गुपचूप सोसत बसणाऱ्याकडे दुर्लक्ष होतं, हे खरं आहे.

सोबत एक कागद हवा. फाइलचं गाठोडं नको, ते रात्री कोणी उलगडत नाही. एका पानावर, प्रत्येक गोळीला एक ओळ:

वॉरफरिन, ३ मिग्रॅ, रात्री एक, शेवटची काल रात्री ९ वाजता.

नाव, ताकद, वेळ, शेवटचा डोस. "बीपीची छोटी गुलाबी गोळी" यावरून काही ठरवता येत नाही. जमलं तर गोळ्यांची पाकिटंच पिशवीत घाला. त्याखाली अ‍ॅलर्जी आणि त्यात नेमकं काय झालं होतं (पुरळ की श्वास कोंडणं, दोन्हीत फार फरक आहे), झालेल्या शस्त्रक्रिया, शेवटचं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्तचाचणी) आणि पेसमेकर असेल तर त्याचं कार्ड. कार्ड नसेल तर एमआरआय अडतो. जुना ईसीजी असेल तर त्याचा फोटो फोनमध्ये ठेवा. आजचा बदल नवा की जुना, हे त्याच्याशी ताडून कळतं.

रक्त पातळ करणारी गोळी (वॉरफरिनसारखी) चालू असेल आणि डोक्याला मार लागला असेल, तर माणूस ठणठणीत दिसत असला तरी ती गोळी पहिल्या वाक्यात सांगा. सिल्डेनाफिलसारखी लैंगिक ताठरतेची गोळी घेतली असेल तर सांगायला लाजू नका. ती घेतल्यावर २४ तासांत, आणि टाडालाफिल असेल तर ४८ तासांत, छातीदुखीसाठी नायट्रेट (रक्तवाहिन्या सैल करणारं औषध) दिलं तर बीपी एकदम कोसळतं. नातेवाइकांसमोर बोलणं अवघड असेल तर "दोन मिनिटं एकट्याशी बोलायचंय" म्हणा, नर्सला कळतं.

घरून निघताना खाऊ नका. भूल द्यावी लागली तर पोट रिकामं हवं, जेवणानंतर ६ तास आणि साध्या पाण्यानंतर २ तास धरतात. जीव वाचवायची शस्त्रक्रिया त्यासाठी थांबत नाही, पण धोका वाढतो. साखर कमी झालेल्या मधुमेहीला मात्र, शुद्धीवर असेल आणि गिळता येत असेल, तर गोड लगेच द्यायचं.

बोट तुटलं असेल तर तुकडा बर्फात टाकू नका, थेट बर्फानं पेशी मरतात. ओलसर स्वच्छ गॉजमध्ये किंवा कपड्यात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा, आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवा. निघण्याआधी फोन करून विचारा की बोट जोडणारा सर्जन आहे का.

पॉलिसीचं_पान

बिलाचं बोलतो. तातडीच्या विभागाचं बिल एका आकड्याचं नसतं. डॉक्टरची तपासणी, खाटेचे तास, प्रत्येक चाचणी, इंजेक्शन-सलाईनचं साहित्य आणि बोलावलेल्या तज्ज्ञाची फी हे सगळं वेगवेगळं लागतं. रात्रीचा जादा दर असतो का, हेही विचारा. लोक इथं फसतात: बऱ्याच आरोग्य विम्यांत पैसे मिळतात ते दाखल झाल्यावर. चार तास खाटेवर ठेवून घरी सोडलं, तर ते "निरीक्षण" ठरतं आणि खर्च खिशातून जातो. आपल्या पॉलिसीत "दाखल" कशाला म्हटलंय, किती तास धरलेत, तातडीनं दाखल झाल्यावर कंपनीला किती तासांत कळवायचं आणि हे हॉस्पिटल त्यांच्या यादीत आहे का, या चार गोष्टी आजच वाचून ठेवा.

रुग्ण स्थिर असेल तर "पुढच्या चाचण्यांचा अंदाजे खर्च लेखी द्या" म्हणायला संकोचू नका. स्थिर नसेल तेव्हा एकानं काउंटर सांभाळावा आणि दुसऱ्यानं रुग्णाजवळ थांबावं. काउंटरवरच्या माणसाला पॉलिसी क्रमांक आणि ओळखपत्र द्या, औषधांचा कागद नको. तो कागद रुग्णासोबतच राहू दे.

सारीपाट_७

खूप उपयोगाचं. लहान मुलांचं राहिलं. बटन सेल गिळला किंवा तान्ह्याला ताप आला तर?

बाळदवाखाना

तीन महिन्यांच्या आतलं बाळ आणि ताप ३८ अंश सेल्सिअस (१०० पॉइंट ४ फॅरनहाइट) किंवा जास्त: बाळ खेळतंय, पीतंय तरी त्याच दिवशी, त्याच तासाला दाखवा. घरी पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघू नका.

बटन सेल अन्ननलिकेत अडकला तर २ तासांत गंभीर भाजणं होऊ शकतं. विजेच्या प्रवाहानं तिथं कॉस्टिक सोड्यासारखा दाहक क्षार तयार होतो आणि भिंत जळते. सेल संपलेला असला तरी धोका असतोच. उलटी करवू नका. मूल एक वर्षावरचं असेल, गिळता येत असेल आणि सेल गेल्या १२ तासांत गिळला असेल, तर वाटेत दर १० मिनिटांनी दोन चमचे (१० मिली) मध द्या, जास्तीत जास्त ६ वेळा. पण मध शोधण्यात निघायला उशीर नको. एका वर्षाच्या आत मध द्यायचं नाही. जाण्याआधी फोन करून विचारायचं ते एवढंच: आत्ता मुलांची एंडोस्कोपी (तोंडातून दुर्बीण घालून तपासणी) होते का? नसेल तर जिथं होते तिथंच थेट जा. सेलचं रिकामं पाकीट सोबत घ्या, त्यावरच्या क्रमांकावरून आकार कळतो.

मुलग्याच्या वृषणात अचानक कळ आली तर तेही तातडीचं. पीळ पडला असेल तर साधारण ६ तासांत सोडवावा लागतो. मुलं लाजून "पोटात दुखतंय" सांगतात, म्हणून नीट विचारा.

रात्रपाळीचा_डॉक्टर

घरी सोडण्याबद्दल आणि दुसरीकडे हलवण्याबद्दल थोडं.

छातीदुखीत पहिली ट्रोपोनिन चाचणी (हृदयाच्या स्नायूला इजा झाली का हे दाखवणारी रक्तचाचणी) निगेटिव्ह आली म्हणून घाईनं निघू नका. हृदयाचा स्नायू दुखावला तरी ते रक्तात दिसायला वेळ लागतो, म्हणून १ ते ३ तासांनी, कधी त्याहून उशिरा दुसरी करतात. तुम्हाला बसवून ठेवलंय ते यासाठी. सोडताना कागदावर काय निदान झालं, काय दिलं, कोणते रिपोर्ट अजून यायचेत (कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून बघण्याच्या चाचणीला, दोन-तीन दिवस लागतात) आणि काय झालं तर परत यायचं, हे लिहून मागा. रात्रीचा एक्स-रे बऱ्याचदा ड्यूटी डॉक्टर बघतो आणि रेडिओलॉजिस्ट सकाळी वाचतो. बारीक फ्रॅक्चर तेव्हा सापडू शकतं. फोन नंबर बरोबर लिहिलाय का, ते एकदा बघून घ्या.

दुसरीकडे हलवत असतील तर निघण्याआधी तिकडे खाट पक्की झाली आहे ना आणि तिथल्या डॉक्टरशी इथल्या डॉक्टरचं बोलणं झालंय ना, हे विचारा. सीटीची सीडी आणि दिलेल्या औषधांच्या वेळा हातात हव्यात. ऑक्सिजन चालू असेल तर हिशेब विचारा: मिनिटाला १० लिटर लागत असेल तर १५०० लिटरचा भरलेला सिलिंडर अडीच तास जातो, अर्धा असेल तर सव्वा तास. रस्त्याचा वेळ दीडपट धरून तेवढा ऑक्सिजन गाडीत आहे ना, हे गाडी हलण्याआधी सिलिंडरवरचा काटा बघून ठरवायचं.