स्प्रे कॅनने गाडीचा पॅच मारतोय, फिनिशिंग खरखरीत येतंय, मदत हवी

वॅगनआर_सिडको:
नमस्कार मंडळी. २०१२ ची वॅगनआर आहे, सिल्की सिल्व्हर. मागचा बंपर सोसायटीच्या गेटला घासलाय, कोपऱ्यात रंग पार प्लास्टिकपर्यंत गेलाय. आणि त्याच बाजूच्या मागच्या दरवाजावर हातभर लांब ओरखडा आहे, तिथं पत्रा उघडा पडलेला नाही पण प्रायमर दिसतोय. डेंटिंग-पेंटिंगवाल्याने दोन्ही पॅनलचे जे पैसे सांगितले ते या वयाच्या गाडीवर घालायची इच्छा होत नाही, शिवाय हे काम मला स्वतःला शिकायचंय, बऱ्याच दिवसांपासून मनात आहे.

गाडीला हात लावायच्या आधी घरात पडलेल्या एका जुन्या पत्र्यावर ट्रायल घेतली, गच्चीवर. प्रायमर, त्यावर रंग, त्यावर क्लिअर (वरचा चमकीचा पारदर्शक थर), तिन्ही कॅनचेच. रंगाची शेड ठीक आहे पण हात फिरवला की बारीक रवा चिकटल्यासारखं लागतं आणि चमक अजिबात नाही. एका बाजूला क्लिअर दुधाळ पांढरं झालं. जवळून मारलं तर ओघळ येतात, लांबून मारलं तर हे खरखरीत. आणि सिल्व्हरमध्ये गडद-फिकट पट्टे दिसतात ते वेगळंच. दसऱ्याला गाडीची पूजा असते, तोपर्यंत गाडी नीट दिसावी असं वाटतं. कॅन बदलू का, की पद्धतच बदलायला हवी?

अंबड_पेंटलाइन:
भाऊ, मी एमआयडीसीत पेंट लाइनवर काम करते, तिथं स्प्रे गन असते आणि रंग मारायची बंद खोली, म्हणजे बूथ असतो पण रंग पत्र्यावर कसा बसतो ते गणित कॅनलाही तेच लागू. कॅन बदलायची गरज नाही, तुम्ही दिलेल्या वर्णनात तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तिन्हीची कारणं वेगळी आहेत.

खरखरीत म्हणजे ड्राय स्प्रे. थेंब पत्र्यावर पोचायच्या आत हवेतच अर्धा सुकतो, मग तो पसरत नाही, नुसता कण म्हणून चिकटतो. गच्चीवर वारा असतो, तुम्ही लांबून मारलं, झालं. अंतर २० ते २५ सेंमी धरा, साधारण एक वीत, आणि पूर्ण वेळ तेच ठेवा. बहुतेक लोक मनगट फिरवतात, त्यामुळे मध्ये जवळ आणि दोन्ही टोकांना लांब होतं. मनगट नाही, पूर्ण हात पॅनलला समांतर सरकला पाहिजे. बटण पॅनलच्या बाहेर दाबायचं, बाहेरच जाऊन सोडायचं, आणि प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढला पाहिजे.

दुधाळ झालं ती ओल. आत्ता आपल्याकडे दिवसभर रिपरिप चालू आहे, हवेत दमटपणा किती आहे बघताय ना. क्लिअरमधलं थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतलं बाष्प त्यावर बसतं, तेच आत अडकून पांढरं दिसतं. याला ब्लशिंग म्हणतात. पावसाळ्यात क्लिअर मारूच नका असं माझं स्पष्ट मत आहे. पाऊस उघडल्यावर चार-पाच कोरडे दिवस सलग मिळाले की सकाळी दहानंतर सुरू करा आणि दुपारी लवकर संपवा, संध्याकाळी दव आणि चिलटं दोन्ही येतात. थेट उन्हात पण नको, पत्रा हाताला चटका देत असेल तर रंग परत हवेतच सुकणार.

पट्ट्यांबद्दल सविस्तर लिहिते रात्री, आता शिफ्ट आहे. एकच सांगून जाते, कॅन आतला गोळा वाजायला लागल्यापासून पुढं पूर्ण दोन-तीन मिनिटं हलवायचा, घड्याळ लावून. सिल्व्हरमधली ॲल्युमिनियमची पूड तळाशी बसलेली असते, ती नीट मिसळली नाही तर शेड पण बदलते.

भद्रकाली_डेंटर:
ताईंनी बरोबर सांगितलं पण मी एक वेगळं सांगतो, राग मानू नका. बंपर घरी करा, दरवाजा करू नका. मी वर्षानुवर्षं हेच काम करतोय, सिल्व्हर हा सगळ्यात अवघड रंग आहे. पांढरी सॉलिड (पूड नसलेल्या रंगाची) गाडी असती तर मीच म्हणालो असतो बिनधास्त मारा. सिल्व्हरमध्ये पूड आडवी बसली की उजळ दिसते, उभी-तिरकी बसली की काळपट, त्यामुळे एकाच डब्यातला रंग जाड मारला तर वेगळा आणि पातळ मारला तर वेगळा. त्यात तुमची गाडी इतकी जुनी, उन्हाने मूळ रंग थोडा तरी उतरलेला असणार, रंगाचा कोड बघून घेतलेला कॅन नव्या गाडीचा रंग देतो, तुमच्या गाडीचा नाही. दरवाजाच्या शेजारी पुढचा दरवाजा आणि मागचा क्वार्टर पॅनल दोन्ही सपाट समोर असतात, फरक लगेच डोळ्यात भरतो. बंपर प्लास्टिकचा, वळणाचा, खाली असतो, तिथं अर्धी शेड इकडेतिकडे झाली तरी कुणाच्या लक्षात येत नाही, कंपनीतून आलेल्या गाड्यांमध्ये पण बंपर आणि बॉडीची शेड थोडी वेगळी दिसते कधीकधी.

दरवाजाचा ओरखडा आधी रबिंग कंपाउंडने घासून किती जातो ते बघा. नख फिरवून बघायचं, नख अडकत नसेल तर ओरखडा फक्त क्लिअरमध्ये आहे, पॉलिशने जाईल. अडकत असेल, प्रायमर दिसत असेल, तर तेवढ्याच रेषेत टच-अप ब्रशने रंग भरा, सुकू द्या, परत भरा, मग बारीक पॉलिश पेपरने लेव्हल करा. लांबून कळणार पण नाही.

वॅगनआर_सिडको:
दोघांचेही मनापासून आभार, एवढं नीट कुणी समजावलं नव्हतं. डेंटरदादा, पटलं, दरवाजा टच-अपवरच ठेवतो. बंपर मात्र मी करणारच. आता बंपरचं जरा खोलात सांगाल का? लांबी (खड्डे भरायची पुट्टी) लावायची का, पेपर कुठला कुठून सुरू करायचा, आणि क्लिअरचे कॅन दुकानात दोन प्रकारचे दाखवले, एक साधा आणि एक हार्डनरवाला, दुसरा बराच महाग आहे, तो घ्यावा का?

अंबड_पेंटलाइन:
आले परत. बंपरचं ऐका, आणि घाई करू नका, कारण फिनिशिंग जे काही येतं ते रंगाच्या आधी येतं. पॉलिश पेपर मारायला तुम्हाला रंगाच्या कितीतरी पट वेळ लागला पाहिजे, नाही लागला तर समजा काहीतरी राहिलं.

सगळ्यात आधी बंपर शाम्पूने धुवा, मग वॅक्स-ग्रीस रिमूव्हर किंवा आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) पुसा, पेपर मारायच्या आधी. उलटं केलं तर जुनं पॉलिश आणि सिलिकॉन घासून आत जातं. डॅशबोर्ड चमकवायचा स्प्रे, टायर पॉलिश, यात सिलिकॉन असतं, त्याचा एक ठिपका जरी राहिला तरी रंग तिथून गोल सरकतो आणि वाटीसारखा खड्डा पडतो, त्याला फिशआय म्हणतात. त्या दिवशी त्या जागेत हे स्प्रे उघडायचेच नाहीत. पुसल्यावर बोट लावायचं नाही, हाताचा घामसुद्धा पुरतो.

मग ओरखड्याच्या कडा ३२० नंबरच्या पेपरने घासा (नंबर मोठा तेवढा पेपर बारीक), जुन्या रंगाची पायरी राहता कामा नये. डोळे मिटून बोटं फिरवा (आधी हातमोजा घाला), डोळ्याला न दिसणारी कड बोटाला कळते. खोल ओरखडे असतील तरच लांबी, आणि ती बंपरसाठीची लवचिक घ्या, पत्र्याची साधी लांबी बंपर वाकला की तडकते. उघड्या प्लास्टिकवर प्लास्टिक प्रायमर, म्हणजे रंगाला पकड देणारा अ‍ॅढिशन प्रमोटर, पातळ. तो नसेल तर वरचं सगळं काम पहिल्या प्रेशर वॉशला सालासकट निघेल.

त्यावर फिलर प्रायमरचे (बारीक खाचा भरणारा प्रायमर) दोन-तीन हात, मध्ये दहा-पंधरा मिनिटं. पूर्ण सुकल्यावर कुठल्याही काळ्या स्प्रेचा अगदी हलका फवारा लांबून उडवा आणि ६०० च्या वॉटर पेपरने ब्लॉकवर घासा, पाण्यात साबणाचे दोन थेंब टाकून. जिथं काळे ठिपके राहिले तिथं अजून खड्डा आहे, जिथं प्रायमर उडून खालचं दिसलं तिथं उंचवटा. नुसत्या बोटांनी घासलं तर बोटांच्या खाचा पडतात आणि त्या क्लिअर मारल्यावरच दिसतात, तेव्हा ब्लॉक घ्या, सपाट भागाला रबरी, वळणाला मऊ फोमचा. शेवट ८०० ने. सिल्व्हरखाली ६०० च्या रेषासुद्धा दिसू शकतात.

आता रंग. पहिला हात एवढा पातळ की खालचा प्रायमर दिसलाच पाहिजे, तो फक्त पकड म्हणून असतो. मग दोन-तीन मध्यम हात, प्रत्येकाच्या मध्ये पृष्ठभाग मॅट होईपर्यंत थांबायचं. झाकला गेला की शेवटचा हात ३५-४० सेंमीवरून, हलका, भरभर, आडवा आणि मग उभा. तुमचे ते गडद-फिकट पट्टे यानेच जातात कारण पूड सगळीकडे सारखी पडते. हो, ड्राय स्प्रेबद्दल आधी जे बोलले त्याच्या हे उलट वाटेल, पण हा एकच हात तसा मारायचा असतो आणि त्यावर क्लिअर येतो. आणि सिल्व्हर बेसला, म्हणजे क्लिअरखालच्या रंगाच्या थराला, पेपर लावायचा नाही, कधीच नाही, पूड कापली जाते आणि डाग उठतो. धूळ बसली असेल तर टॅक क्लॉथने (चिकट कापडाने) हलकेच उचला.

रंग संपतो तिथं मास्किंग टेपची सरळ कड नको, पायरी पडते. रंग हळूहळू विरत न्या आणि क्लिअर पूर्ण बंपरवर मारा, मध्येच थांबवू नका. त्यासाठी उरलेला अख्खा बंपर आधीच ८००-१००० ने मॅट करून ठेवायला लागेल. चमक असलेल्या भागावर क्लिअर धरत नाही.

गंगापूररोड_गाडीवाला:
क्लिअरचा प्रश्न राहिलाय म्हणून लिहितो. मी आमच्या अल्टोचा पुढचा बंपर असाच घरी केला होता, साधा वन-के आणि टू-के दोन्ही वापरून पाहिलेत. वन-के म्हणजे फक्त थिनर उडून सुकतो, नंतर परत थिनर किंवा पेट्रोल लागलं की मऊ पडतो, पेट्रोल पंपावर दोन थेंब सांडले तरी डाग. टू-के मध्ये हार्डनर असतो, डब्याच्या बुडाची पिन दाबली की आत मिसळतो आणि रासायनिक क्रियेने कडक होतो, गाडीच्या मूळ क्लिअरच्या जवळ जातो. चमक आणि खोली पण टू-केलाच आहे. पिन दाबली की मात्र डबा साधारण एक-दोन दिवसांत आतच घट्ट होतो, त्यामुळे सगळी तयारी झाल्यावरच दाबायची.

पण, आणि हे मी हात जोडून सांगतो, टू-के च्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. ते फुप्फुसाला बाधतं, एकदा शरीराला त्याची ॲलर्जी बसली की अगदी थोड्या वासानेही दम लागतो, आणि ती आयुष्यभर जात नाही. कपड्याचा मास्क, एन९५, यातलं काहीही चालत नाही, ते धूळ अडवतात, वाफ नाही. कार्ट्रिजवाला ऑरगॅनिक व्हेपर रेस्पिरेटर, चष्मा, हातमोजे, पूर्ण बाह्यांचा शर्ट. सोसायटीच्या बंद पार्किंगमध्ये तर अजिबात नाही, तिथून मुलं जातात-येतात. एवढी सोय होत नसेल तर सरळ वन-के मारा, दर वर्षी वॅक्स करा आणि पेट्रोल सांडलं की लगेच पुसा, काही बिघडत नाही.

जागेचं म्हणाल तर गच्चीपेक्षा तीन बाजूंनी आडोसा असलेली पण उघडी जागा बरी. बंपर गाडीवरून काढून करा, वॅगनआरचा मागचा बंपर काही स्क्रू आणि क्लिपांवर असतो, काढताना क्लिपा तुटतात म्हणून चार जास्तीच्या आणून ठेवा. जमिनीवर आधी पाणी शिंपडा, धूळ बसते. कॅन थंड असेल तर कोमट पाण्यात ठेवा पाच-दहा मिनिटं, कोमट म्हणजे कोमट, गरम नाही, डबा प्रेशरचा आहे, ५० डिग्रीच्या वर जाऊ द्यायचा नाही असं डब्यावरच लिहिलेलं असतं. कोमट कॅनचा फवारा बारीक येतो, खरखर निम्मी तिथंच कमी होते.

वॅगनआर_सिडको:
दादा, रेस्पिरेटर घेतोच, तो पुढं पण कामाला येईल. गावाकडं ओझरला मोठं अंगण आणि शेड आहे, बंपर तिकडंच नेतो. शेवटचं एक, क्लिअर मारूनही थोडी संत्र्याच्या सालीसारखी पोत राहिली आणि एखादा ओघळ आलाच तर? परत सगळं उतरवायचं का?

भद्रकाली_डेंटर:
उतरवायचं कशाला, आमच्याकडं पण ओघळ येतात, रोज. ओला असताना बोट लावायचं नाही, पुसायचं नाही, हीच सगळ्यात मोठी गोष्ट. टू-के ला दोन दिवस, वन-के ला निदान आठवडा-दोन आठवडे, आणि हवा थंड असेल तर अजून जास्त. नख दाबून खूण उमटत नाही तोपर्यंत हात लावू नका. मग ओघळाच्या फक्त उंच भागावर छोट्या कडक ब्लॉकला १००० चा पेपर लावून घासा, आजूबाजूला टेप लावून ठेवा म्हणजे बाकीचं क्लिअर उडणार नाही. ओघळ बसला की टेप काढून पूर्ण भाग १५०० आणि मग २००० ने पाण्यात. सगळं सारखं मॅट दिसलं पाहिजे, चमकणारा ठिपका राहिला म्हणजे तिथं अजून खड्डा आहे. मग रबिंग कंपाउंड, मग फाइन पॉलिश. कडा आणि बॉडी लाइनवर (उठावदार रेघेवर) पेपर मारूच नका, तिथं क्लिअर सगळ्यात पातळ असतो, दोन फेऱ्यांत खालचा सिल्व्हर उघडा पडतो आणि मग खरंच परत सगळं करावं लागतं.

म्हणून क्लिअरचे हात तीन धरा, पहिला हलका, पुढचे दोन भरून, ओले दिसतील असे. एवढी जाडी असेल तर घासायला जागा राहते. एका बंपरला रंगाचे दोन आणि क्लिअरचे दोन कॅन हाताशी ठेवा, मध्येच संपला आणि दुकान बंद असं नको. पूजेला हार घालाल तेव्हा बंपरवर हळद-कुंकवाचे पाण्याचे ओले बोट मात्र लावू नका, नवीन क्लिअरला पिवळा डाग बसू शकतो, काचेवर लावा.

अंबड_पेंटलाइन:
आणि वॅक्स लगेच लावू नका, महिनाभर तरी. आतलं थिनर हळूहळू बाहेर येत असतं, वॅक्सने ते कोंडतं. ओझरला पोचल्यावर आधी त्या जुन्या पत्र्यावरच परत एक ट्रायल घ्या, नवीन अंतराने आणि शेवटच्या हलक्या हाताने, आणि दिवसाउजेडी फोटो टाका इथं. फ्लॅश मारून काढू नका, सिल्व्हरचे पट्टे फ्लॅशमध्ये दिसत नाहीत, तिरक्या उन्हात दिसतात.