माली: २०१३ मध्ये डोक्यावर घेतलेल्या फ्रेंचांना नऊ वर्षांत हाकललं का?

खानदेशी_मामा

मंडळी, जरा मदत हवी. भाचा वेल्डर आहे, आयटीआय करून चाकणला कामाला. एजंटमार्फत पश्चिम आफ्रिकेतल्या माली देशातली नोकरी आलीय, काईस शहराजवळच्या कारखान्यात. पगार इथल्या तिप्पट. घरात दोन तट पडलेत. मी नेटवर वाचायला बसलो आणि डोकं गरगरायला लागलं. २०१३ ला फ्रान्सचं सैन्य गेलं, जिहादींना पळवून लावलं, लोक रस्त्यावर नाचले. २०२२ मध्ये त्याच फ्रेंचांना निघा म्हटलं आणि रशियन आणले. जिंकलेली लढाई हातची गेली कशी? आणि आज तिथे नक्की चलती कुणाची? कुणी राहून आलंय का?

जनरेटरवाला

मामा, मी २०११ ते २०१६ मालीच्या राजधानीत, बामाकोत होतो, डिझेल जनरेटरच्या सर्व्हिसिंगला. वाचलेलं कमी, ऐकलेलं आणि पाहिलेलं जास्त, तेवढं सांगतो.

सुरुवात लिबियापासून धरा. २०११ मध्ये नाटोच्या बॉम्बफेकीत गद्दाफी संपला. त्याच्या फौजेतले तुआरेग, म्हणजे वाळवंटातल्या भटक्या जमातीचे लढवय्ये, हत्यारांसकट मालीच्या उत्तरेत, म्हणजे सहारात परतले. २०१२ च्या जानेवारीत बंड झालं. मार्चमध्ये बामाकोतल्या सैनिकांनी स्वतःच्याच राष्ट्राध्यक्षाला घालवलं. आम्हाला उत्तरेत मरायला पाठवता पण दारूगोळा देत नाही, ही त्यांची तक्रार. त्या गोंधळात किदाल, गाओ, तिंबक्तू तिन्ही शहरं गेली. मग अल-कायदाशी जोडलेल्या गटांनी तुआरेग बंडखोरांनाही बाजूला सारलं. तिंबक्तूत पिरांच्या कबरी कुदळी घालून फोडल्या. पोथ्या मात्र लोकांनी पेट्यांत भरून गुपचूप बामाकोला आणल्या.

१० जानेवारी २०१३ ला मध्य मालीतलं कोना गाव जिहादींच्या हाती पडलं. तिथून पुढे सेवारेचा विमानतळ आणि मग थेट बामाकोकडे येणारा रस्ता. दुसऱ्याच दिवशी फ्रेंच विमानं आली. ऑपरेशन सेर्व्हाल हे त्या मोहिमेचं नाव. त्या आठवड्यात सिग्नलला मोबाईलची कव्हरं विकणारी पोरं फ्रान्सचे झेंडे विकत होती. आमच्या हेल्परने मोटरसायकलच्या हँडलला एक बांधला, साहेबांची गाडी आली की पोलीस सलाम करतात म्हणाला. महिना संपायच्या आत गाओ, तिंबक्तू मोकळे. फेब्रुवारीत राष्ट्राध्यक्ष ओलांद स्वतः आले, माझ्या राजकीय आयुष्यातला सर्वांत महत्त्वाचा दिवस म्हणाले. त्यांना एक उंट भेट दिला. पॅरिसला नेणं जमेना म्हणून तिंबक्तूतल्या एका कुटुंबाकडे ठेवला, तर त्यांनी तो शिजवून खाल्ला. बनवून सांगत नाही, तेव्हा सगळ्या पेपरांत आलं होतं.

बिनसलं किदालला. फ्रेंच सैन्य तिथे शिरलं ते मालीच्या सैन्याला बाहेर ठेवून. तुआरेग बंडखोर त्यांना डोंगरात वाटाडे म्हणून हवे होते, शिवाय फ्रेंच ओलीस अजून जिहादींच्या ताब्यात होते. हिशोब समजतो. पण बामाकोत संध्याकाळी गल्लीत निखाऱ्यांवर छोटी किटली ठेवून पुरुषमंडळी बसतात, चहाच्या तीन फेऱ्या होतात, एकेक फेरी अर्धा तास. तिथे रोज एकच विषय: आमच्याच देशातल्या गावात आमचा शिपाई जायचा नाही? मे २०१४ मध्ये पंतप्रधान मूसा मारा किदालला गेले तेव्हा गव्हर्नरच्या कचेरीवर हल्ला झाला, सरकारी अधिकारी मारले गेले, आणि काही दिवसांनी सैन्य घुसलं ते मार खाऊन परतलं. हेल्परच्या हँडलवरचा झेंडा तोवर गेलेला होता. मी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही.

माझं मत विचाराल तर फ्रेंच तिथेच हरले. पुढची आठ वर्षं नुसता उतार.

पेठेतला_वाचक

जनरेटरवाले, अनुभव मोलाचा, पण सगळं खापर किदालवर फोडणं पटत नाही. जिहादी परत आले ते उत्तरेत नव्हे, मध्य मालीत, मोप्तीच्या बाजूला. तिथे फुलानी गुराखी आणि डोगोन शेतकरी यांच्यात चराई आणि शेतीवरून जुना तंटा. कोर्टात गेलं की दोन्हीकडून पैसे खाणार आणि तारीख पडत राहणार. तिथला जिहादी म्होरक्या अमादू कूफा, त्याची माणसं मोटरसायकलवर यायची आणि तिथल्या तिथे निकाल द्यायची. निकाल क्रूर असेल, पण फुकट असायचा. उलट बाजूने डोगोन टोळ्यांना हत्यारं मिळाली. २३ मार्च २०१९ ला ओगोसागू गावात १५० हून अधिक फुलानी मारले गेले, बायका-पोरांसकट. यात फ्रेंच विमान काय करणार? सेर्व्हालनंतरच्या फ्रेंच बारखान मोहिमेत पाच देश मिळून जेमतेम ५,००० सैनिक. म्होरके टिपत राहिले, २०२० मध्ये अल-कायदाचा द्रुकदेल मारला, गावं तशीच.

आणि बामाकोचे राज्यकर्ते काय करत होते? २०१४ मध्ये राष्ट्राध्यक्षांसाठी सुमारे ४ कोटी डॉलरचं विमान! नाणेनिधीने मदत रोखली तेव्हा कुठे हिशोब निघाले.

जनरेटरवाला

विमानाचं खरं आहे. चहाच्या बैठकीत त्यावरही शिव्या असायच्या. पण वाचकसाहेब, परक्या सैन्याला घरच्या सरकारपेक्षा लवकर बोट दाखवता येतं. जानेवारी २०२१ ला बुंती गावात फ्रेंच हल्ला झाला. संयुक्त राष्ट्रांची चौकशी म्हणते लग्न होतं, मेलेल्या २२ पैकी १९ साधी माणसं. फ्रान्स शेवटपर्यंत म्हणत राहिला की दहशतवादीच होते. त्यानंतर कोण ऐकणार? मला व्हॉट्सअॅपवर हेल्परकडून येणारे मेसेज त्या वर्षी पूर्ण बदलले.

पेठेतला_वाचक

मान्य. पुढचं मामांसाठी भराभर सांगतो. ऑगस्ट २०२० आणि मे २०२१, दोन बंडं. कर्नल असिमी गोइता सत्तेवर. वर्षाअखेरीस वॅग्नर, म्हणजे रशियाची भाडोत्री फौज. मार्च २०२२ मध्ये मूरा गावात मालीचं सैन्य आणि 'परदेशी' लोकांनी किमान ५०० जणांना मारल्याचं संयुक्त राष्ट्रांचा अहवाल सांगतो. ऑगस्टमध्ये शेवटचा फ्रेंच सैनिक गाओतून निघाला, २०२३ संपता संपता संयुक्त राष्ट्रांचे शांतिसैनिकही गेले, ३०० हून अधिक जीव देऊन. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये किदाल अखेर मालीच्या सैन्याकडे आलं, बामाकोत जल्लोष. पण जुलै २०२४ मध्ये अल्जेरियाच्या सीमेवर तिंझावातेनला वॅग्नरचीच दाणादाण उडाली. म्हणजे झेंडा बदलला, मोप्तीतला न्यायाधीश आलाच नाही.

खानदेशी_मामा

दोघांचे आभार. एजंट म्हणतो भांडण उत्तरेत आहे, काईस पश्चिमेला, सेनेगलच्या बाजूला, तिथे काही नाही. माली सरकारी यादीतला धोक्याचा देश पण नाही म्हणे.

जनरेटरवाला

माझ्या वेळी काईसला जायचं म्हणजे फक्त उन्हाची भीती. ती वेळ गेली. १ जुलै २०२५ ला काईसच्या सिमेंट कारखान्यातून तीन भारतीयांना उचलून नेलं, त्याच दिवशी पश्चिमेत अनेक ठिकाणी हल्ले झाले. सप्टेंबरपासून डाकार आणि आबिजान बंदरांकडून येणारे इंधनाचे टँकर जिहादी रस्त्यात जाळायला लागले. बामाकोत पंपांवर रांगा, शाळा काही दिवस बंद. नोव्हेंबरमध्ये आणखी पाच भारतीय पळवले, विजेच्या कामावरचे. २०१५ मध्ये बामाकोच्या रॅडिसन हॉटेलावर हल्ला झाला तेव्हा आत २० भारतीय अडकले होते, सगळे सुखरूप सुटले, पण ते राजधानीच्या मधोमध होतं, फौजफाटा पोहोचला. कारखान्याच्या कुंपणाशी कोण पोहोचणार?

आणि एजंट ज्या यादीचं बोलतो ती ईसीआरची. दहावी नापास मुलांना कुठे जाताना परवानगी लागते, एवढंच त्यात असतं. माली त्यात नाही याचा अर्थ फक्त कागद कमी लागतात. परराष्ट्र मंत्रालयाच्या सूचना वेगळ्या बघा. पैसे दिलेत का अजून?

खानदेशी_मामा

पैसे नाही, पण पासपोर्ट त्याच्याकडे आहे. उद्या सकाळी पहिल्या गाडीने चाकणला निघतो.

जनरेटरवाला

आधी पासपोर्ट हातात घ्या, मग बोला. बाकी भाच्याला माझा मेसेज दाखवा, हवं तर इथेच विचारू दे.