चकवा: लागतो, देतात, की असतो?

प्रश्न एका शब्दाचा आहे, पण आधी थोडं रडगाणं ऐकून घ्या.

मी अद्भुत कादंबऱ्या लिहितो. राज्यं, शाप, बोलणारे खडक, उडणाऱ्या होड्या, असा सगळा कारभार. राहायला देवगडच्या बाजूला. हल्लीच्या कादंबरीचा नायक अकराव्या प्रकरणात एका विहिरीपाशी पाणी पितो आणि उत्तरेला निघतो. मग एक लढाई होते, एक शाप होतो, घोडा मरतो. चौदाव्या प्रकरणात त्याला विहीर दिसते. परवा वाचताना कळलं, ती तीच विहीर आहे. तोच मोडका रहाट, काठावर तीच आडवी वाढलेली उंबराची फांदी. हे मी मुद्दाम केलेलं नाही. समोर भिंतीवर राज्याचा नकाशा टांगलाय, सात बेटं, तीन रंगांत. (त्याच घरात कुकरची शिट्टी तीन दिवस सापडत नाहीये, ते असो.)

काकूला सांगितलं. ती हाताला तेल लावून फणस फोडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुका चकवो लागलो हा. लिवक नको, गप बस."

तर मला हा चकवाच पात्र म्हणून घ्यायचा आहे. "चकवा आला", "चकव्याने विचारलं" असं लिहिलं तर चालेल का? की चकवा ही नुसती अवस्था आहे, आणि तिला तोंड फुटलं की कानाला खटकेल?

राजापूरहून:
मला खटकेल. देवचाराच्या खांद्यावर घोंगडी असते, हातात काठी असते. मुंजा पिंपळावर, गिरा पाण्यात. प्रत्येकाला पत्ता आहे, पोशाख आहे. चकव्याला काहीच नाही. "चकवा पाहिला" असं आमच्याकडे कोणी म्हणताना मी ऐकलेलं नाही. लागला म्हणतात, आणि सुटला म्हणतात.

आमचे आजोबा एकदा रात्री सड्यावरून येत होते. ज्यांनी सडा पाहिला नाही त्यांच्यासाठी: जांभ्याचं सपाट पठार, झाड नाही, घर नाही, सगळीकडे सारखंच काळं. अर्ध्या तासाची वाट. पहाटेपर्यंत चालले आणि उजाडल्यावर पाहतात तर स्वतःचीच विझवून टाकलेली विडी पायाशी. ते म्हणायचे, चकवा लागला की चालू नये. खाली बसावं, काडी ओढावी, विडी पेटवावी. म्हणजे तुमच्या काकूंचा सल्ला अगदी शास्त्रोक्त आहे.

देवाचे गोठणे गावच्या सड्यावर माणसाचं एक कातळशिल्प आहे. त्याच्यावर होकायंत्र ठेवलं तर ते दिशा चुकवतं, हे बरेच जण करून बघतात. यंत्रालाही लागतो म्हणायचा.

कुडाळहून:
लागतो आणि देतात यांत गोंधळ नको. कबड्डीत चढाईवाला चकवा देतो, पोलिसांना चोर चकवा देतो. तिथे देणारा हुशार असतो. सड्यावर मात्र देणारा कोणी नाही, तरी तो लागतोच. मालवणीत 'चकवो' म्हणतात, आणि "माका चकवो लागलो" ह्या वाक्यात माझा काही अपराध नसतो बरं का. "मी वाट चुकलंय" म्हटलं की घरची विचारतात, डोळे खंय होते?

पुण्याहून:
व्युत्पत्तीचं बघू. चकणे म्हणजे फसणे, "मी जरा चकलोच" हे आपण आजही म्हणतो. त्यावरून चकवणे, जसं फसणे-फसवणे. आणि चकवा, जसा रुसणेवरून रुसवा. दुसरा चकवा म्हणजे चक्रवाक पक्षी, नर चकवा आणि मादी चकवी. त्याचा उगम वेगळा, नुसता ध्वनी जुळलाय. पण कविसंकेत असा की ही जोडी रात्री ताटातूट होऊन नदीच्या दोन काठांवरून एकमेकांना हाका मारत राहते. अद्भुत लेखकाला दोन्ही चकवे एकाच रात्रीत आणायचा मोह होईल. आवरावा.

(चकण्याचा विनोद कोणीतरी करणारच. केला नाही तर उपकार होतील.)

साताऱ्याहून:
आमच्याकडे तिसरा आहे, चकवाचांदणी. शुक्राच्या आधी उगवणारा एखादा ठळक तारा. शुक्र उगवला समजून माणसं उठायची, बैल जुंपायची आणि अर्ध्या रात्री बाजाराच्या वाटेला लागायची. म्हणजे चकवा नुसता वाटेचा नसतो, वेळेचाही असतो.

रत्नागिरीहून:
भुताची बाजू झाली, आता दुसरी. जर्मनीतल्या ट्यूबिंगेनच्या संशोधकांनी २००९ साली माणसांना जंगलात आणि सहारा वाळवंटात सरळ चालायला सांगून त्यांचा माग काढला होता. सूर्य दिसत होता तोवर मंडळी बऱ्यापैकी सरळ गेली. आभाळ भरलेलं असताना जंगलात ती गोल फिरली, स्वतःचीच वाट ओलांडून गेली, आणि आपण सरळच चाललोय अशी त्यांची समजूत. डोळे बांधून चालवलं तेव्हा तर काहींची वर्तुळं जेमतेम वीस मीटर व्यासाची निघाली. आपलं नुसतं वाकडं जाणं नव्हे, परत तिथेच येणं, ह्यासाठी मराठीत वेगळा शब्द आहे याचं मला कौतुक वाटतं.

मूळ प्रश्नकर्ता:
सगळ्यांचे आभार, आणि माझं पात्र गेलं. सहा पानं लिहिली होती. त्यात चकव्याला पांढरी दाढी दिली होती, एक कंदीलही. राजापूरकरांनी कंदील विझवला.

पण कुडाळच्या प्रतिसादाने डोक्यात किडा सोडलाय. मराठीत काय काय लागतं ते मी काल रात्री वहीत लिहायला बसलो. भूक, ठेच, उचकी, दृष्ट, नाद, वेड. घाटात गाडी लागते. होडी किनाऱ्याला लागते, आणि ज्यांना सवय नाही त्यांना भर खाडीतही लागते. ह्यातलं एकही मी केलेलं नाही, सगळं माझ्या अंगावर आलेलं आहे. लेखकासाठी याहून सोयीची भाषा नसेल. संपादकबाईंनी फोनवर विचारलं, चौदावं प्रकरण असं का झालं? मी म्हटलं, लागला. त्या मूळच्या गुहागरच्या. "बरं, मग सुटला की पाठवा," म्हणाल्या, आणि ठेवला.

कातळशिल्पांवरून आठवलं. कशेळीचा हत्ती मी पाहिलाय, सुमारे अठरा मीटर लांब. त्याच्या पोटात उभं राहिलं की हत्ती दिसत नाही. पायाशी रेघा दिसतात, त्यांत कोरलेले दुसरे लहान प्राणी दिसतात, आणि एखादी रेघ धरून चालू लागलो की फिरून पहिल्या जागी. ज्यांनी तो कोरला त्यांना वरून बघायची सोय नव्हती, तरी सोंड सोंडेच्या जागी आहे. माझ्याकडे नकाशा आहे, तीन रंगांत, आणि माझी विहीर दोनदा.

आता असं ठरवतोय की विहीर काढायची नाही. चौदाव्या प्रकरणात नायकाला ती ओळखू द्यायची आणि खाली बसवायचं. दाढीवाला कोणी येणार नाही. विडी ओढत नाही बिचारा, त्याला राजपुत्र केलाय, तेव्हा नुसताच बसेल. पंधराव्यात उजाडेल.

कुडाळहून:
नुसतो बसान काय करतलो?

मूळ प्रश्नकर्ता:
तेच तर अडलंय. मघाशी काकूने विचारलं, "कादंबरी खंय पावली?" मी म्हटलं, "बावीकडे." म्हणाली, "परत?" आणि कुकरची शिट्टी हातात ठेवली. फणसाच्या चारखंडांखाली होती.