वर्षभर परदेशात राहून आलो. आता आईच्या ओट्यापाशी माझं काय करू?

काळाचौकीकर

नमस्कार. प्रश्न घरगुती आहे आणि जरा लांबणार आहे, सांभाळून घ्या.

वय ३३, घरात आई, बाबा आणि मी. गेल्या मार्चमध्ये कंपनीनं वर्षासाठी जर्मनीत श्टुटगार्टला पाठवलं. (मुंबई आणि श्टुटगार्ट १९६८ पासून ‘सिस्टर सिटी’ आहेत. मला तिथं जाईपर्यंत पत्ता नव्हता. बहिणी म्हणावं असं दोघींत काही दिसलं नाही, पण बहिणींचं असंही असतं.)

जाण्याआधी मी काय होतो ते सांगतो. बाथरूमच्या दारातून हात बाहेर काढला की हातात टॉवेल यायचा. भाताला पाणी किती लागतं ते ठाऊक नव्हतं. झाडू कुठं असतो ते ठाऊक होतं, कारण पाय लागला की आई त्याला नमस्कार करायला लावायची.

पोचलो शनिवारी रात्री. रविवारी सकाळी दूध-पाव आणायला खाली उतरलो तर बाजार कडेकोट बंद. तिकडे रविवारी बहुतेक दुकानं उघडत नाहीत, स्टेशनातली वगैरे चालू असतात, हे मला सोमवारी कळलं. तो दिवस चकल्या आणि मेतकुटावर काढला. मेतकूट भाताशिवाय. चमच्यानं.

मग आली जिन्याची पाळी. त्या भागात भाडेकरूंनी आळीपाळीनं जिना झाडून पुसायचा असतो. ज्याची पाळी त्याच्या दाराला पाटी लटकते: ‘केरवोखं’. केर म्हणजे तिकडेही झाडणंच, वोखं म्हणजे आठवडा. केराचा आठवडा! आईला फोनवर सांगितलं तर तिला वाटलं मी थापा मारतोय. पहिल्या वेळी मी वरवर ओलं फडकं फिरवलं आणि मोकळा झालो. तळमजल्यावरच्या आजी, ऐंशीच्या पुढच्या, कठड्याला धरून वर आल्या. कठड्यावरून एक बोट फिरवलं, ते बघितलं, मग पायरीच्या कोपऱ्याकडे दाखवलं आणि खाली गेल्या. ओरडणं नाही, काही नाही. मी परत बादली भरली. लाकडी जिना, म्हणून फडकं घट्ट पिळून घ्यायचं. पायरीला दोन कोपरे असतात आणि केस, माती, सगळं तिथंच जाऊन बसतं. फडकं बोटाला गुंडाळून फिरवल्याशिवाय निघत नाही. ऑगस्टनंतर आजी तपासायला यायच्या बंद झाल्या. खरं सांगतो, ऑफिसातल्या अप्रेजलपेक्षा मला त्याचं जास्त वाटलं.

बाकीचं हळूहळू जमत गेलं. प्लास्टिकच्या रिकाम्या बाटल्या सुपरमार्केटातल्या मशीनमध्ये टाकल्या की बाटलीमागे २५ सेंट परत मिळतात. व्हिडिओ कॉलवर आईनं ती पिशवी बघितली आणि बाबांना म्हणाली, “अहो, हा बाटल्या विकतोय.” डिसेंबरात साडेचारला काळोख. पहिले पंधरा दिवस घरी आलो की बूट न काढता पलंगावर बसून मोबाईल बघायचो. एका संध्याकाळी त्याचाही कंटाळा आला आणि मसूर शिजत टाकले. तिकडच्या लोकांचाही मसूर घरचाच. श्पेट्सले नावाच्या जाडसर नूडल्सबरोबर खातात, व्हिनेगर घालून. मी व्हिनेगरऐवजी कोकम टाकलं आणि आजींना वाटीभर नेऊन दिलं. वाटी परत आली तेव्हा तिच्यात एक सफरचंद होतं. रिकामी वाटी परत करू नये हे त्यांना कोणी शिकवलं कोण जाणे.

आईचा फोन रोज रात्री साडेनऊला, म्हणजे माझे सहा. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडे घड्याळं तासभर मागे घेतात. सोमवारी फोन वाजला तेव्हा माझे पाच वाजलेले, मी मीटिंगमध्ये. “घड्याळ मागे घेतात म्हणजे काय? त्यांच्या सरकारला दुसरी कामं नाहीत?” पण त्यानंतर मी परत येईपर्यंत ती रोज साडेदहापर्यंत जागी राहिली. एरवी दहाला तिचा डोळा लागतो.

परत येऊन पाच आठवडे झाले. पहिला आठवडा माझं कौतुक चाळभर, म्हणजे आता टॉवरभर. चहा स्वतः करतो, ताट स्वतः घासतो, कपडे स्वतः धुतो. दुसऱ्या आठवड्यापासून आई गप्प. परवा ताट घेऊन उठलो तर तिनं ते हातातून ओढलं. “तिकडे कोणी नव्हतं म्हणून केलंस. इथं मी मेलेय का?”

रविवारी आमच्या मजल्याचा जिना पुसला. समोरच्या काकू म्हणाल्या, “सूनबाईची मजा आहे हो.” आई आत जाऊन पडून राहिली. बाबा पेपराआडून म्हणाले, “कर, पण आवाज न करता कर.”

मला पूर्वीसारखा व्हायचं नाही. पण मी जे शिकलो ते आईला नोकरीवरून काढल्यासारखं लागतंय. कोणाचं असं झालंय का? काय केलंत?

---

मुलुंडकरीण

मी दोन वर्षं सिंगापूरला होते. परत आले तर तिसऱ्या दिवशी आईनं कणकेची परात पुढे सरकवली. “आता तुला सवय झाली असेल.” झालं, एवढाच सत्कार. मी शिकले याचा कोणाला धक्का बसला नाही, उशिरा शिकले असाच सूर होता. तुमचा प्रश्न खोटा नाही. पण हा प्रश्न पडायलाही मुलगा असावं लागतं, एवढं नोंदवून ठेवते. राग नाही. थोडा आहे.

---

स्लो_लोकल

जिन्याचं जपून, मालक. आमच्या सोसायटीत एका काकांनी हौसेनं पॅसेज धुवायला घेतला. पुढच्या मीटिंगमध्ये लगेच एकजण उठला: सफाईच्या बाईंचे पैसे कमी करा, निम्मं काम तर काकाच करतात. झालं नाही तसं, पण बाई महिनाभर काकांशी बोलत नव्हत्या. बोलतील कशाला?

बाकी मसुरात कोकम हे वाचून भूक लागली. किती घालायचं आणि कधी?

---

ठाण्याची_आजी

अरे, मी तुझ्या आईपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी असेन, म्हणून अरे-तुरे करते. माझा मुलगा मेलबर्नला असतो. तीन वर्षांनी आला. मी पहाटे उठून आलं किसून ठेवलेलं. हा उठला, ओट्याशी गेला, पातेल्यात पाणी ठेवलं, चहा केला आणि कप घेऊन गॅलरीत गेला. पातेलं विसळून पालथं घातलं होतं, हो. ओटाही पुसलेला. किसलेलं आलं तसंच बशीत.

त्यानं चहा केला याचं मला काही वाटलं नाही. त्यानं एकच कप केला. आम्ही दोघं तिथंच बसलो होतो. तिकडे एकट्याचं माप हाताला बसलेलं, त्याच्या लक्षातही आलं नाही. मी बोलले नाही, तोंडाशी आलं होतं. दुपारी भाजी उगाच तिखट झाली.

तू ताट घासतोस ते कोणाचं, एकदा बघ.

---

मुलुंडकरीण

आजी, तिखट भाजी आमच्याकडेही व्हायची. कारण आत्ता कळलं.

---

काळाचौकीकर

आजी, तुमचा प्रतिसाद लोकलमध्ये वाचला. कॉटन ग्रीनला उतरायचं होतं, शिवडीला उतरलो.

चालत येताना हिशेब केला. चहा, एक कप. ताट, माझं. कपडे, माझे. त्यासाठी मशीन अर्धं रिकामं फिरवत होतो, तेही सकाळी पाण्याच्या वेळेला. आई तेव्हा बादल्या भरत असते. पाच आठवडे मी हे करतोय आणि वर स्वावलंबनाचा तोरा.

मुलुंडकरीण, तुमचं मान्य. थोड्या रागासकट.

काल रात्री तिघांची ताटं उचलली. आईनं ओढली नाहीत, पण मागोमाग येऊन ओट्याशी उभी राहिली, हाताची घडी घालून. ताटं झाली, वाट्या झाल्या. कढईला हात घातला तर म्हणाली, “ती राहू दे, तुला नाही जमायची.” मी घासली. तिनं ती माझ्या हातातून घेतली, ट्यूबलाइटखाली धरली आणि कानाच्या मागून बोट फिरवलं.

“इथं राहिलंय.”

मी परत घासणी घेतली. ती तिथंच उभी राहून तिच्या सासूबाईंची पितळी भांडी, चिंच आणि राख असलं काहीतरी सांगत होती. निम्मं नळाच्या आवाजात ऐकू आलं नाही. झोपायला साडेदहा झाले.

स्लो लोकल, जिना थांबवला आहे, आता फक्त आमच्या उंबऱ्यापुढची फरशी. कोकमाचं म्हणाल तर वाटीभर मसुराला चार-पाच आमसुलं. मसूर पूर्ण शिजल्यावर टाका, आधी टाकलीत तर दाणा कडक राहतो. आणि गुळाचा खडा. श्टुटगार्टला गूळ संपला होता तेव्हा साखर घातली होती, ती चव मात्र काही खास नव्हती.