पीएसएलव्हीचं उड्डाण पडद्यावर कसं वाचायचं?

गच्चीवाला, इंदूर
नमस्कार मंडळी. पुढच्या पीएसएलव्ही-एक्सएल (इस्रोच्या रॉकेटचा एक प्रकार) उड्डाणाला गल्लीतल्या आठवी-नववीच्या मुलांना थेट प्रक्षेपण दाखवायचं आहे. "परफॉर्मन्स नॉर्मल" सोडून काही कळत नाही. आलेखात काय बघायचं? आणि नंतर उपग्रहाचा सिग्नल राजवाड्यामागच्या गच्चीवर मिळेल का?

ध्रुवीय
आलेखात दोन रेषा असतात: आधी आखलेली आणि प्रत्यक्ष यानाची. दुसरी पहिलीवरून सरकत राहिली की ठीक.

सुरुवातीला पहिला टप्पा आणि सहापैकी चार स्ट्रॅप-ऑन (बाजूला जोडलेली छोटी रॉकेटं) पेटतात. उरलेले दोन साधारण २५व्या सेकंदाला, हवेतच. ७०च्या आसपास ते चार सुटतात, ९२ला दोन, ११०ला पहिला टप्पा. घन इंधन एकदा पेटलं की विझवता येत नाही, म्हणून थांबायचं ते आधीच.

पुढे सुमारे ११५ किमी उंचीवर उष्णतारोधक कवच सुटतं, ही घोषणा कान देऊन ऐका. ३१ ऑगस्ट २०१७ला पीएसएलव्हीच्या सी३९ उड्डाणात कवच सुटलंच नाही. ते ओझं वाहताना वेग कमी पडला आणि उपग्रह आतच अडकला.

तिसरा टप्पा विझल्यावर यान काही मिनिटं इंजिनाविना वर जातं. उंची वाढते, वेग किंचित उतरतो. मुलं हमखास घाबरतात. आधीच सांगून ठेवा. खरा बिघाड वेगळा दिसतो: १८ मे २०२५ला सी६१ उड्डाणात तिसऱ्या टप्प्यात दाब घसरला आणि मोहीम तिथेच संपली.

कक्षामापक
उपग्रह सुटला की लगेच टाळ्या नकोत, कक्षेचे आकडे येऊ द्या. ऑगस्ट २०२२मध्ये इस्रोच्या छोट्या रॉकेटने, एसएसएलव्ही-डी१ने, उपग्रह सोडले, पण ३५६ किमीच्या वर्तुळाऐवजी ३५६ × ७६ किमीच्या कक्षेत. ७६ किमीवर हवा त्यांना टिकू देत नाही.

यागी४३७
सिग्नलचं सांगतो. सकाळी साडेनऊच्या सुमारास उडून ५००-६०० किमीच्या ध्रुवीय कक्षेत गेलेला उपग्रह साधारण दीड तासाने अरबी समुद्रावरून जातो. इंदूरला तो पश्चिमेला क्षितिजालगत. घरांच्या दाटीत तो पास (आपल्या आकाशातून जाणारी फेरी) सोडून द्या. रात्री साडेनऊ-दहाच्या आसपासचे पास बरे, त्यातही क्षितिजापासून ३०°च्या वर चढणारा निवडा. दहाएक मिनिटं मिळतात.

४३७ मेगाहर्ट्झवर प्रक्षेपण करणारा छोटा उपग्रह असेल तर हातात धरायची यागी (एका दिशेला रोखायची अँटेना) आणि आरटीएल-एसडीआर (संगणकाला जोडायचा रेडिओ डोंगल) पुरे. १० मीटर आरजी-५८ केबलमध्ये निम्म्याहून जास्त सिग्नल जातो, म्हणून डोंगल अँटेनाजवळच ठेवा, लांबवायची तर यूएसबी वायर. डॉपलरने, म्हणजे उपग्रहाच्या वेगामुळे, फ्रिक्वेन्सी येताना साधारण १० किलोहर्ट्झ वर, जाताना तितकीच खाली. मधोमध ट्यून करून बसलात तर पास निघून जाईल.

गच्चीवाला, इंदूर
एकाच रॉकेटवर अनेक उपग्रह असले तर टीएलई (कक्षेच्या आकड्यांची नोंद) कुठला घ्यायचा?

यागी४३७
सुरुवातीला नावं नसतात, ए, बी, सी अशा नोंदी असतात. प्रत्येक नोंदीने डॉपलरची वक्ररेषा काढा. वॉटरफॉलवरच्या (पडद्यावर सरकणारा सिग्नलचा आलेख) रेघेशी जिची जुळेल ती तुमची. पुसट रेघेवर नका ठरवू, दोन पास बघा.