फ्री एजंट = मोकळा गडी?

३१ ऑक्टोबर २०२४ ची सकाळ. लेकीने विचारलं, "आई, सोटो आता कुणाचा?"

आदल्या रात्री आमचा बेसबॉल संघ, न्यूयॉर्क यांकीज, वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे अंतिम फेरीचा, पाचवा सामना हरला होता. ५-० अशी आघाडी होती. पाचव्या डावात ॲरन जजच्या हातून सोपा झेल सुटला, तेव्हा मी सोफ्यावरून उठले ती शेवटपर्यंत बसलेच नाही. ७-६ ने डॉजर्स जिंकले. पराभवाचं रडून लेक रात्रीच मोकळी झाली होती, सकाळी तिला वेगळीच काळजी लागली. हंगाम संपला आणि आमच्या संघातला ह्वान सोटो फ्री एजंट झाला. "कुणाचाच नाही," मी म्हटलं. ते तिला पटलं नाही. मलाही नाही. त्यानेच क्लीव्हलँडमध्ये दहाव्या डावात तीन धावांचा होमरन मारून आम्हाला वर्ल्ड सिरीजला नेलं होतं.

आम्ही न्यू जर्सीत राहतो, पण सामना बघताना आरडाओरडा मराठीतच चालतो. म्हणून 'फ्री एजंट'ला मराठी शब्द हवा आहे. 'एजंट' म्हटलं की आपल्याला विम्याचा माणूस आठवतो. शिवाय सोटोचा खरा एजंट, त्याच्या वतीने करार ठरवणारा, वेगळाच, स्कॉट बोरास. 'मुक्त खेळाडू' पुस्तकी वाटतो. 'करारमुक्त' वर्तमानपत्रांत दिसतो, पण आयपीएलच्या बातम्यांत संघाने काढलेल्या खेळाडूला 'मुक्त केलं' म्हणतात. इथे कुणी काढलेलं नसतं. मेजर लीगमध्ये, म्हणजे इथल्या सर्वोच्च बेसबॉल लीगमध्ये, सहा वर्षांची सेवा भरली आणि करार संपला की खेळाडू आपल्या हक्काने सुटतो. 'लिलाव' तर अजिबात नको. लिलावात बोली लावणारा ठरवतो, इथे खेळाडू ठरवतो कुठे जायचं ते.

कुणाला काही सुचतंय?

प्रतिसाद

ताई, बेसबॉल मला कळत नाही. पण आमच्याकडे परभणीत याला शब्द आहे. पाडव्याला सालगडी ठरतो. वर्षाचे पैसे, वर ज्वारीची पोती, कपडे, सगळं तोंडी. पुढच्या पाडव्याला साल भरलं की गडी मोकळा. मग त्याच मालकाकडे राहायचं की दुसऱ्याकडे जायचं, ते तो ठरवतो. आठ दिवस आधीपासून पारावर हीच चर्चा: "यंदा कोण कोण मोकळं हाय?" फक्त आगाऊ घेतलेली उचल फिटलेली नसली तर साल भरूनही पाय निघत नाही. आणि गडी म्हणजे खेळाडूही की! कबड्डीत गडीच बाद होतो.

मूळ प्रश्नकर्ती

दादा, हे वाचून मी अक्षरशः टाळी वाजवली. कारण बेसबॉलमधला सगळा झगडा 'साल' या एका शब्दावरच झाला होता.

करारात एक कलम असायचं, 'रिझर्व्ह क्लॉज'. खेळाडूने सही केली नाही तरी क्लबला तोच करार आणखी एक वर्ष वाढवता येई. मालक म्हणत, वाढवलेल्या करारातही तेच कलम आहे, म्हणजे पुढच्या वर्षीही वाढवू, त्याच्या पुढच्याही. न फिटणारी उचलच ती. १९६९ मध्ये सेंट लुइसच्या संघाने कर्ट फ्लड या आपल्या खेळाडूला बारा हंगामांनंतर परस्पर फिलाडेल्फियाच्या संघाला देऊन टाकलं. त्याने लीगच्या कमिशनरला पत्र लिहिलं: मी काही माझ्या मर्जीविरुद्ध विकायची-घ्यायची वस्तू नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९७२ मध्ये तो हरला. त्याची कारकीर्द त्यातच संपली. सोटोच्या कराराचा आकडा वाचताना मला दरवेळी फ्लड आठवतो. मग अँडी मेसरस्मिथ आणि डेव्ह मॅकनॅली हे दोघे खेळाडू १९७५ च्या हंगामात सही न करता खेळले आणि त्या डिसेंबरात लवाद पीटर साइट्झ यांनी निकाल दिला: एक वर्ष म्हणजे एकच वर्ष. साल भरलं, गडी मोकळा.

'मोकळा' मला आणखी एका कारणाने आवडला. मन मोकळं होतं, बाळंतीण मोकळी होते, त्यात सुटकेचा श्वास आहे. पण हाताला काम नसलेला माणूसही "सध्या मोकळाच आहे" म्हणतो. प्रत्येक जण सोटो नसतो. फेब्रुवारीत फ्लोरिडा-ॲरिझोनात सराव सुरू होतो, तरी कित्येकांना फोन आलेला नसतो. ते दुखणंही या शब्दात मावतं.

सोटो डिसेंबरात मेट्स या दुसऱ्या संघाकडे गेला. त्याच शहरात, नदीपलीकडे क्वीन्समध्ये. १५ वर्षं, ७६ कोटी ५० लाख डॉलर. लेकीने त्याचा २२ नंबरचा शर्ट नीट घडी घालून खालच्या खणात ठेवला. टाकू दिला नाही, पण घातलाही नाही. मी तिला पाडव्याची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "म्हणजे त्याचं साल भरलं होतं."

'मोकळा गडी' आमच्या घरी रुजला. आता 'रिझर्व्ह क्लॉज' राहिला. 'राखीव कलम' चालत नाही, राखीव खेळाडू म्हणजे बाकावरचा. उचलीत अडकलेल्या गड्याला तुमच्याकडे काय म्हणतात, दादा?